दत्तूच्या बेटावर जाऊन आल्याची हकिकत

गावात जो भेटतो तो हेच विचारतो, आबा, बेट कसं असतं? एकाला सांगून झालं की दुसरा येतो, आणि पहिल्यानं ऐकलेलं तो तिसऱ्याला भलतंच करून सांगतो. परवा एक जण माझ्या तोंडावर म्हणाला की बेट पाण्यावर तरंगतं. म्हणून एकदाच लिहून काढतो. माझं शिक्षण चौथी, आणि चौथीच्या परीक्षेलाही मी बसलो नाही. शाळेचे मास्तर म्हणाले, तुमी सांगा आबा, मी नीट लिहितो. मी म्हणालो, प्रवास मी केला, लिहिणार मीच. तुमचं नीट तुमच्यापाशी राहू द्या. तर चुका असतील त्या माझ्या.

दत्तू माझा एकुलता मुलगा. कंपाउंडरकी शिकला आणि सरकारी दवाखान्यात नोकरी लागली ती थेट अरबी समुद्रातल्या एका बेटावर. लक्षद्वीप म्हणतात तिकडच्या बेटांना. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. क्वार्टर मिळालं की सुमनला नेतो म्हणून गेला. पावसाळ्याच्या तोंडाला जहाजावरून औषधांची खोकी उतरवून आणताना होडी उलटली. बाकीचे पोहून निघाले. हा आणि तिथला एक माणूस सापडले नाहीत. आमच्या केम गावच्या पोराला पोहणं कुठून येणार? आमच्या विहिरीत उडी मारली तर गुडघे फुटतात.

तार आली. मढं नाही, म्हणून पिठाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला भीमेच्या काठी पिंड ठेवला. कावळा पिंडाला शिवला की माणूस सुटला, असं आम्ही धरतो. नाही शिवला तर त्याचं काहीतरी मागं राहिलंय. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले होते, एकही खाली उतरला नाही. भावकीतला एकेक जण पुढं होऊन म्हणाला, दत्तू, बैल विकत न्हाय. दत्तू, म्हाताऱ्याला सांभाळतो. दत्तू, सुमनला अंतर देत न्हाय. ऊन कलंडलं तरी कावळे तसेच. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि म्हणाले, शास्त्रात चालतं, हाच शिववू. मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि नदीत टाकला. पोरगा पिठाचा जाळला, आता कावळा गवताचा? सगळंच खोटं करायचं तर मग रडायचं तरी खरं कशाला?

सुमननं कुंकू पुसलं नाही. पोरगी विशीतली. माळशिरसहून तिचा भाऊ विलास दर महिन्याला येऊन बसायचा. आमच्यात विधवेचा पाट लावतात, आणि त्यानं एक चांगलं स्थळ बघून ठेवलं होतं. माझी ना नव्हती. मी आज आहे उद्या नाही. माझ्यामागं ती कुणाच्या दारात बसणार? पण ती ऐकेना. एकदा तिनं विलासला माझ्यासमोर सांगितलं, "दादा, कावळा शिवला तर मी हे पुसते आणि तुज्यासंगं येते. न्हाय शिवला तर मला कुणी काय बोलायचं न्हाय."

मी म्हणालो, "पोरी, तो गेला तितंच त्याला पिंड द्यायला पायजे. हितला कावळा त्याला वळखत न्हाय."

"मग जावा की तुमी," ती म्हणाली.

आणि मी गेलो.

कोचीन

गाडीचं काय सांगायचं? मद्रासकडं जाणाऱ्या गाड्या मी जन्मभर केमच्या स्टेशनावरून बघितल्या, आता आत बसून केम बघितलं, आणि ते लगेच मागं पडलं. बरोबर ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, पिंडासाठी तांदूळ, तीळ आणि एक घोंगडं. हाटेलाचं मी खात नाही.

कोचीनला बेटावर जायचा परवाना काढावा लागतो. हापिसात गेल्यावर कारकुनानं इंग्रजीत विचारलं. मी मराठीत सांगितलं. त्यानं हिंदीत विचारलं, मी सोलापुरी हिंदीत सांगितलं. उमेदीत मी सोलापूरच्या गिरणीत होतो, नवी पेठेत मुसलमान दुकानदारांशी घासाघीस करून ती भाषा आलेली. तो म्हणाला, "कायको जाता? बेटा तो गुजर गया." मी म्हणालो, "उसीके वास्ते जाता." त्यानं पेन खाली ठेवलं आणि मला खुर्ची दिली. त्या सगळ्या वाटेत मला कुणी खुर्ची दिली ती तेवढीच.

जहाज लागेपर्यंत बंदराच्या एका छपरात घोंगडं अंथरून पडून राहिलो. जहाजात डेकवरची जागा घेतली, म्हणजे उघड्यावर, बोकडं, कांद्याची पोती आणि माणसं एका रांगेत. समुद्र लागला तसं पोट उलटं झालं. बाजूचा एक माणूस मला लिंबू हुंगायला देत होता. मी नको म्हणालो. मग त्याच्या अंगावरच ओकलो. त्यानं मला शिवी दिली नाही, आणि ते मला शिवीपेक्षा लागलं.

बेट

बेट तरंगत नाही. एवढं पहिल्यांदा लिहून ठेवतो. आमच्या गावची पांढरी, म्हणजे घरं वसलेली जागा, असते ना, तेवढीच जमीन, पण सगळी वाळू, आणि त्या वाळूत नारळ इतके की आभाळाचे तुकडे दिसतात. डोंगर नाही, नदी नाही, बैल नाही. नांगर कसा असतो हे तिथल्या माणसाला ठाऊक नाही. नारळ आपोआप पडतो आणि हे उचलतात. पहिल्या दिवशी मला त्यांचा राग आला.

पाण्याचं ऐका. आम्ही दुष्काळात विहिरीचा तळ फोडला, सुरुंग लावले, आणि निघाला तो धूर. तिथं चारी बाजूंनी खारं पाणी, आणि घराच्या परसात वाळूत कमरेएवढा खड्डा केला की गोड पाणी. एका बाईनं माझ्यासमोर करवंटीनं वाळू उकरून दाखवली. ती हसत होती. मी तिथंच खाली बसलो.

मला उतरवून घ्यायला हमजा आला होता. वय दत्तूपेक्षा थोडं जास्त. पूर्वी जहाजावर खलाशी होता, म्हणून हिंदी येत होतं. त्या दिवशीची होडी त्याच्याच घरची. दत्तूबरोबर जो दुसरा माणूस गेला तो हमजाचा धाकटा भाऊ. त्याच्या आईला सगळे उम्मा म्हणत, म्हणून मीही उम्मा म्हणू लागलो. माझ्यापेक्षा ती लहानच असेल, पण ज्या घरात जेवायचं त्या घरच्या बाईला नावानं कशी हाक मारायची?

वाळूवर पाय ठेवला आणि पोरांचा घोळका जमला. एक चिमुरडी माझ्याकडं बघून ओरडली, "हात दे की!" दुसरा म्हणाला, "तोंड उघड की!" मी जागच्या जागी थांबलो. त्यांची भाषा निराळी, त्यातला एक शब्द मला कळत नव्हता, आणि हे अगदी केमचं, "की" सकट.

हमजा म्हणाला, "कंपाउंडर सुई मारता था ना. तब बोलता था. बच्चा लोग सीख गया."

दत्तूला जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि त्याची बोली तिथं पोरांच्या तोंडात खेळत होती. घरी तर त्याचं नावही कुणी मोठ्यानं घेत नव्हतं.

पहिली सकाळ

उठून आंघोळ केली, उम्माच्या चुलीवर वेगळा भात शिजवून घेतला. पिंड केला, तीळ घातले. केळीच्या पानावर घेऊन किनाऱ्यावर गेलो. होडी जिकडं उलटली ती बाजू हमजानं दाखवली. पांढऱ्या लाटांची एक रेघ दिसत होती, तिच्या पलीकडं. पान वाळूत ठेवलं, चार पावलं मागं सरलो, आणि हात जोडून "काव, काव" केलं.

माणसं जमली. बायका झाडांआडून बघत होत्या. सूर्य वर आला. मी वर बघतोय, माडांच्या शेंड्यांत बघतोय, घरांच्या वळचणी बघतोय. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आल्यापासून मी कावळ्याचा आवाज ऐकलेला नाही.

"हमजा," मी म्हणालो, "कव्वे किधर है?"

"कौन?"

मी हात पसरून दाखवलं, काव काव करून दाखवलं. पोरांनी माझी नक्कल केली. सगळे हसले. हमजाही हसला, आणि मग त्याचं हसू गेलं. दत्तूनं त्याला आमचे रीतरिवाज कधीतरी सांगितले असावेत.

"बाबा," तो म्हणाला, "इधर कौवा नहीं है. एक भी नहीं. कभी नहीं था."

जुन्या काळी कुणा अवलियाची खोडी काढली म्हणून त्यानं कावळे हाकलून दिले, असं ते सांगतात. साप नाही, कुत्रं नाही, कावळा नाही. हमजा हे मोठ्या अभिमानानं सांगायला लागला आणि मध्येच थांबला.

कावळा नाही असा मुलूख असतो हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. वाघ नसेल, हत्ती नसेल, पण कावळा? निघण्याआधी मी परवान्याची चौकशी केली, जहाजाची केली, तांदूळ सोबत घ्यावेत का याची केली. कावळा आहे का, हे कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं मला वेड्यातच काढलं असतं.

मी मागं वळलो तर वाळूत एक खेकडा पिंड ओढत बिळाकडं चालला होता. मी त्याला मारायला काठी उगारली, आणि उगारलेली तशीच ठेवली.

मग रोज

जहाज परत येईपर्यंत तिथून हलायची सोय नव्हती. मी रोज पिंड ठेवायचा असं ठरवलं. हमजा म्हणाला, कधीतरी जहाजावर बसून एखादा कौवा येतो, पण सुकत घातलेल्या मासळीवर झडप घालतो म्हणून लोक त्याला जिता ठेवत नाहीत. मी म्हणालो, या खेपेला ठेवा.

रोज सकाळी भात, पान, वाळू. एके दिवशी एक राखी बगळा आला. पिंडाजवळ उभा राहिला, मान वाकडी करून बघितलं, आणि निघून गेला. हमजानं मनापासून विचारलं, "बाबा, मुर्गी चलेगी? घर में है."

"कोंबडी काय पितर हाय?" मी मराठीतच ओरडलो.

त्याला कळलं नसावं. पण दुसऱ्या दिवशी त्यानं परसातल्या कोंबड्या टोपल्याखाली झाकून ठेवल्या, माझ्या नजरेला पडू नयेत म्हणून.

बाकी दिवसभर काम नाही. मला काम नसलेला दिवस माहीत नाही. तिथली माणसं सावलीत बसून नारळाचा काथ्या वळतात, बोलतात, झोपतात, उठून पुन्हा वळतात. मी एक दोरी वळून दिली, बैलाच्या कासऱ्याला वळतो तशी. त्यांनी ती ओढून बघितली, मान डोलावली आणि उलगडून परत आपल्या पद्धतीनं वळली. ज्वारीच्या पिठाला समुद्राच्या हवेनं जाळं धरलं. उरलेल्याच्या मी भाकरी थापल्या. परात नव्हती, होडीच्या फळीवर थापल्या. थापण्याचा आवाज ऐकून बायका गोळा झाल्या, एकीनं हात मारून बघितला, भाकरीचे तीन तुकडे झाले. उम्मानं एक तुकडा खाल्ला आणि हमजाला काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "बोलती है, कंपाउंडर इसके लिए रोता था." उम्मानं तो तुकडा शेवटपर्यंत चावून खाल्ला. त्यांचं सगळं नारळात, भात नारळात, भाजी नारळात, गूळ नारळाच्या झाडाचा. मासा मी खाल्ला नाही. त्या पाण्यातला मासा मी कसा खाणार?

तिथली एक चाल सांगतो, गावात कुणाला पटणार नाही. लग्न झालं तरी मुलगी आईच्या घरीच राहते. नवरा संध्याकाळी तिच्या दारी जातो आणि सकाळी आपल्या आईच्या घरी परत येतो. हमजाही तसाच. मी त्याला म्हणालो, हे काय, घरजावयापेक्षा वाईट. तो म्हणाला, "तुम्हारे में लडकी रोते रोते जाती है ना? कंपाउंडर बोला था. हमारे में कोई नहीं रोता."

उम्मानं त्याच्याकरवी मला विचारलं, "तुझी सून कुठं राहते?"

"माझ्या घरी."

"मुलगा गेला ना?"

"व्हय."

"मग तुझ्या घरी का? तिला आई नाही?"

मी सांगायला लागलो, कुंकू, पिंड, भीमेचे कावळे, सगळं. हमजाला अर्धं सांगता येईना. उम्मानं हातातला काथ्या मांडीवर ठेवला. तिचाही मुलगा त्याच होडीत गेला. मशिदीत एकदा नमाज पढले, आणि झालं. मढं नव्हतंच. मी तिला विचारलं, तुझ्या मनाला कसं पटलं? हमजानं विचारलं. ती बराच वेळ बोलली. हमजानं तिच्या बोलण्यातलं एवढंच मला सांगितलं, "बोलती है, नहीं पटा. लेकिन किसको पूछेगी?"

त्या बाईसमोर मला माझा पिंड घेऊन रोज किनाऱ्यावर जायची लाज वाटली. तरी दुसऱ्या दिवशी गेलो. माझा स्वभाव तसाच आहे, त्याला मी काय करू? आता मी दत्तूला एकेक कबूल करायला लागलो. भीमेवर भावकीनं सांगितलेलं सगळं परत सांगितलं. सुमनला दुसऱ्या घरी लेकरंबाळं होतील त्यांना मी नातवंडं म्हणीन, तेही सांगितलं. ऐकायला खेकडेच. शेवटी शेवटी ते माझी वाट बघत बिळाच्या तोंडाशी बसायला लागले.

जहाज आलं त्या सकाळी मी त्याच्या डोलकाठ्या न्याहाळल्या. सगळं बेट माझ्यासाठी वर बघत होतं. मासळी सुकवणाऱ्या बायकासुद्धा. डोलकाठ्या मोकळ्या होत्या.

परत

कोचीनच्या बंदरात शिरलो आणि कावळे. छपरांवर, तारांवर, मासळीच्या ढिगांवर, माणसांच्या डोक्यांवर. कान किटतील एवढी काव काव. माझ्याकडं मूठभर तांदूळ उरले होते. एका चहावाल्याकडून शिजवून घेतले, पिंड वळला, तीळ लावले. धक्क्यावर कागद ठेवला आणि त्यावर पिंड ठेवतोय तोवर दोघं तिघं तुटून पडले. माझ्या बोटाला चोच लागली. दत्तूचं नावही तोंडातून निघालं नव्हतं. मागं सरून उभा राहिलो तेव्हा नुसता कागद उडत होता.

केमपर्यंत गाडीत मी याचाच विचार करत होतो. शिवला म्हणायचं का? बोटावर खूण होती. कुणी बघायला येणार नव्हतं. पण कोचीनचा कावळा कुणालाही शिवतो. तो भुकेला असतो. त्याला दत्तूचं काय?

घरी आलो तर विलास बसलेला. मी पाय धुवायच्या आधी त्यानं विचारलं, "आबा, शिवला का?"

मी सगळं सांगितलं. बेट, खेकडे, बगळा, हमजाच्या कोंबड्या, उम्मा, आणि मग कोचीन. विलास उभाच राहिला. "म्हंजी शिवला की! आबा, समुद्र त्योच, पाणी त्येच. शिवला म्हणा की. सुमे, शिवला बघ."

सुमन चौकटीला टेकून ऐकत होती. म्हणाली, "दादा, तू गप. आबा, तुमी सांगा. तुमी आजवर खोटं बोलला न्हाय."

विलास माझ्याकडं बघत होता. हात जोडायचेच तेवढे बाकी होते. एक शब्द मला बोलायचा होता आणि त्या पोरीचा पुढचा सगळा जन्म त्यावर होता. तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडाला जन्मभर ज्याची सवय तेच बाहेर आलं.

"खाल्ला," मी म्हणालो. "पर शिवला म्हणता यायचं न्हाय."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "तितलं पाणी कसं हाय?"

"निळं. किनाऱ्याजवळ तर तळ दिसतो. पडलेली सुई दिसंल."

"तळ दिसतो," ती म्हणाली. "मग ह्ये कसे दिसले न्हाईत कुणाला?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं. होडी लाटांच्या रेघेपलीकडं उलटली, तिथं पाणी काळं आहे आणि त्याला तळ नाही. हमजानं मला तिथपर्यंत नेऊन दाखवलं होतं, दोराला दगड बांधून सोडला होता, दोर संपला. ते मला तिला सांगता आलं असतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि दत्तू गेल्यापासून तिचं तोंड इतकं उजळलेलं मी बघितलं नव्हतं.

ते न सांगता मी पाय धुवायला उठलो.

विलास तिसऱ्या प्रहराच्या यष्टीनं माळशिरसला गेला. एकटाच. त्यानंतर तो आलेला नाही, आणि स्थळाकडच्यांनी दुसरी मुलगी केली असं ऐकलं.